खाऱ्या बर्फातल्या बाटल्या

साथीची बातमी आली की आमच्या प्रयोगशाळेत दोन प्रकारची माणसं ओळखू यायची. एक, जी "ताबडतोब कुणीतरी गेलं पाहिजे" म्हणायची, आणि दुसरी, जी जायची. मी दुसऱ्या प्रकारातली, आणि तीही हंगामी. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात रत्नागिरीहून जुलाब-उलट्यांची बातमी आली, तेव्हा सरांनी मला बोलावून सांगितलं, "तू तिकडचीच ना? मग तूच जा."

आमचं घर रत्नागिरी तालुक्यातलंच, पण आतल्या बाजूचं, भातशेतीचं. वडील मुंबईत नोकरीला. मिरकरवाड्याच्या बंदराशी माझी ओळख ताटातल्या बांगड्यापुरती. पण मुंबईत खुर्चीवर बसलेल्या माणसाला सगळं कोकण एकच वाटतं. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागल्याला दोन वर्षं झाली होती, तरी नेमणुकीचं पत्र दर सहा महिन्यांनी नव्याने यायचं. "कॉलऱ्याचा जंतू मिळवून आण, मग तुला कायम करायचं मी बघतो," सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायची सवय मात्र जुनी.

बंदराच्या वरच्या अंगाला एक वाडी होती, तिथे साथ होती. दोन दिवस घरोघर फिरल्यावर माझी खात्री झाली की दोष विहिरीचा आहे. खालच्या विहिरीचं पाणी भरणाऱ्या घरांत माणसं आजारी होती, वर सड्यावरच्या, कातळमाळावरच्या विहिरीवर जाणाऱ्या घरांत एकही नाही. मी तालुक्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि विहीर बंद करा म्हणाले. त्यांनी मला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "बाई, कॉलरा हा शब्द कागदावर आल्याशिवाय मी तोंडातून काढणार नाही. विहीर बंद केली तर यांना पाणी कुठून देऊ? टँकरला वरून मंजुरी लागते, मंजुरीला तुमचा रिपोर्ट लागतो. तोवर गॅस्ट्रो म्हणा."

म्हणजे सगळं माझ्या बाटल्यांवर येऊन ठेपलं. रोग्यांचे नमुने मुंबईला पोचायचे, त्यांत जंतू वाढायचा, तेव्हा विहीर बंद व्हायची. मी विहिरीत जंतुनाशक पावडर टाकली होती, पण बायका म्हणाल्या, पाण्याला वास मारतो. वास जाईपर्यंत थांबायच्या आणि मग पुन्हा घागरी लावायच्या.

नमुना घ्यायचा म्हणजे कापसाची काडी गुदद्वारात फिरवून घ्यायची. कोण तयार होणार? एक तरुण मुलगी दारात उभी राहून हे सांगते म्हटल्यावर बायका पदरात तोंड लपवून हसायच्या आणि पुरुष उठून जायचे. माझ्या मदतीला धावून आली ती त्याच वाडीतली एक मासळी विकणारी मावशी. पन्नाशीची, विधवा, लिलावात पुरुषांच्या वरताण आवाज चढवणारी. ती माझ्यापुढे चालायची आणि प्रत्येक दारात गरजायची, "गो, जीव जातंय तेवा लाज खय जाते? पोर एवढी मुंबईसून आलीय ती काय तुमचा ढुंगान बघूक?" अशाने आठ नमुने मिळाले.

जेवायलाही मी तिच्याकडेच असायचे. मुलगा बोटीवर खलाशी होता, आठ-आठ महिने घरी नसायचा. घरात मावशी आणि तिची सून. सून दापोलीकडची, सातवी शिकलेली, सहावा महिना लागलेली. तिला मी वहिनी म्हणायचे. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. माझं अक्षर बघून ती खुदकन हसली आणि म्हणाली, "ताई, द्या इकडे. मुंबईच्या लोकांना वाटेल कोंबडीने लिहिलंय." मग चिकटपट्ट्यांवर आकडे तिने लिहिले. आठच हवे होते, पण हौसेने तिने वीसपर्यंत लिहून ठेवले. सूक्ष्मदर्शकातून जंतू कसा दिसतो, असं तिने मला दोनतीनदा विचारलं. "स्वल्पविरामासारखा," मी म्हणाले. "एवढासा? आणि माणूस मारतो?" तिला ते खरंच वाटेना.

मला त्या घरात पाणी उकळून, गाळून, तांब्यावर फुलपात्र पालथं घालून मिळायचं. मी समाधानाने प्यायचे. वाटायचं, निदान एका घराने तरी माझं ऐकलं. ते उकळलेलं पाणी फक्त पाहुणीसाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं. लाकूडफाटा वाचवून माझ्यापुरता एक टोप उकळायचा आणि स्वतः घागरीतलं, खालच्या विहिरीचंच प्यायचं, असा त्या घरचा पाहुणचार होता.

आठ बाटल्या लाकडी खोक्यात भुसा घालून मी नीट बसवल्या. दुपारच्या मुंबईच्या एसटीने खोकं जायचं, तिकडे आमचा शिपाई ते उतरवून घेणार, असं ठरलं होतं. त्याच सकाळी शेजारच्या वाडीत तिघं आजारी पडल्याचं कळलं. मावशी टोपली घेऊन स्टँडजवळच्या बाजारात जाणारच होती. "दे माज्याकडे. डायवर वळखीचा हाय," ती म्हणाली. मी खोकं तिच्या हाती दिलं आणि निघाले. खोकं आडवं करू नका, उन्हात ठेवू नका, एवढं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगायची असते हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

चार दिवसांनी सरांचा ट्रंककॉल आला. पोस्टात जाऊन घ्यावा लागला, आणि सरांचा आवाज असा की रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जावा.

"बर्फ कोणी घातला?"

"कसला बर्फ, सर?"

"खोक्यात! मीठ घातलेला बर्फ! सात बाटल्या गोठून तडकल्यात. आठवीत काही वाढलं नाही. तुला दोन वर्षं काय शिकवलं मी? कॉलऱ्याचा नमुना कधी गारठ्यात ठेवतात?"

ठेवत नाहीत. तो जंतू उबेतला. बाटलीतल्या आमच्या द्रावणात साध्या हवेत तो आठवडाभर तग धरतो, आणि गोठवला की मरतो. हे मला पाठ होतं. पण मिरकरवाड्यात जन्म घालवलेल्या बाईला काय पाठ होतं? जे मोलाचं आहे आणि लांब जायचं आहे, त्यावर बर्फ घालायचा. पापलेट असो, सुरमई असो, मीठ मारून बर्फ दाबला की माल मुंबईपर्यंत ताजा. मे महिन्यातलं ते ऊन, आठ घरांच्या दारात भांडून मिळवलेला तो ऐवज, आणि आत नुसता भुसा! तिला राहवलं नसेल. बर्फाच्या कारखान्यावरून तिने स्वतःच्या टोपलीसाठी घेतलेला बर्फ त्यात ओतला असणार. त्या दिवशी तिची मासळी नासली होती, हे मला तेव्हा आठवलं. तिने ते हसत सांगितलं होतं आणि मी कारण विचारलं नव्हतं.

"चूक माझी आहे, सर," मी म्हणाले. ती माझीच होती.

"नवे नमुने पाठव. गोळ्या सुरू न केलेल्या रोग्याचे. नाहीतर परत ये."

जंतू मारायच्या गोळ्या तर मीच साऱ्या वाडीला आणि शेजारच्या वाडीतल्या त्या तिघांनाही वाटल्या होत्या. आजारी, बरे, त्यांच्या घरचे, सगळ्यांनी घेतल्या. अशांच्या नमुन्यात काही सापडत नाही. वहिनी पोटुशी म्हणून फक्त तिलाच त्या गोळ्या दिल्या नव्हत्या. मला आता नवा रोगी हवा होता. पुढचे दोन दिवस वाडीत कोणी आजारी पडलं नाही. एरवी याचा आनंद व्हायला हवा. मी सकाळी उठून घरोघर विचारत फिरायचे, आणि "बरे आहेत सगळे" ऐकलं की माझा चेहरा उतरायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्या दोन दिवसांची सगळ्यात जास्त लाज वाटते.

मावशीला मी काही बोलले नाही. तिने विचारलं, "रिपोट आला काय गो?" मी म्हणाले, "यायचाय अजून."

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या वाटेवरच मावशीची शेजारीण धावत आली. वहिनीला पहाटेपासून जुलाब होत होते. सासूला त्रास नको म्हणून ती दोन-तीनदा गुपचूप बाहेर जाऊन आली होती, आणि मग दारातच बसली. मी पोचले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. तिने मला ओळखलं. "ताई, एवढासाच ना तो?" म्हणाली.

मी आधी नमुना घेतला. मग मीठ-साखरेचं पाणी तोंडाला लावलं. दोन मिनिटांचा फरक, त्याने काही झालं नसतं असं कुठलाही डॉक्टर सांगेल. मलाही ठाऊक आहे. तरी क्रम तो होता. चिकटपट्टी घ्यायला पिशवीत हात घातला तर पुढचा आकडा नऊ होता, तिच्याच अक्षरातला. तो मी तिच्या बाटलीला लावला.

शेजारचे दोघे रिक्षा बघायला गेले. मी बाटली खोक्यात बसवत होते, तेवढ्यात मावशी आतून ओंजळभर बर्फ घेऊन आली. पाणी कोपरावरून गळत होतं. "ह्या येळेला जास्त घालते," ती म्हणाली.

"नको, मावशी."

"का गो? ऊन कवडा हाय!"

"बर्फ चालत नाही याला."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी खोकं बांधायला खाली वाकले आणि सुतळीची गाठ गरजेपेक्षा जास्त वेळ मारत बसले. तिने बर्फ अंगणात टाकला आणि सुनेला उचलायला गेली.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गेली. मूल तिच्या आधीच पोटात गेलं होतं. त्यानंतर तीन दिवसांनी पोस्टात फोन आला. नवव्या बाटलीत जंतू वाढला होता, भरघोस, अगदी पुस्तकात असतो तसा. सर खुशीत होते. त्याच आठवड्यात विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि टँकर आला. वरातीमागून घोडं. अधिकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं, आणि मी त्यांना "धन्यवाद" म्हणाले. आज आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटतं.

तेरावं झाल्यावर मी मावशीकडे गेले. परत निघायचं होतं, आणि न सांगता गेले तर आयुष्यभर बोचलं असतं. ती पडवीत जाळं विणायची सुई घेऊन बसली होती, विणत नव्हती. मी म्हणाले, "मावशी, त्या पहिल्या बाटल्या..."

"बर्फान मेल्या," ती म्हणाली. "तू नको म्हटलंस तेवाच कळला मला. तू सांगशील म्हनून वाट बघत व्हते."

मी रडले. म्हणाले, दोष तुमचा नाही, मी सांगायला हवं होतं, आधी सांगितलं असतं तर विहीर आठवडाभर आधी बंद झाली असती. ती ऐकत होती. "दोघींचा हाय," एवढंच म्हणाली. मला ते आजही पुरेसं न्यायाचं वाटतं, आणि सोसतही नाही.

मग तिने विचारलं, "तू आता ह्या सगळ्याचा लिवनार ना मोठ्या पुस्तकात?" सरांनी लेख लिहायचा ठरवलाय, असं मीच कधीतरी जेवताना बोलले होते. मी हो म्हणाले.

"मग तिचा नाव घाल त्यात. तिच्या जिवावर विहीर बंद झाली, ता वाचनाऱ्याला कळू दे. छापून आला की घेऊन ये, आनि नाव खय हाय ता बोट ठेवून दाखव. मला वाचता येत नाय."

मी हो म्हणाले आणि मग लक्षात आलं की मला तिचं नावच माहीत नाही. पंधरा दिवस तिच्या हातचं जेवले होते. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर आकडा, वय आणि नवऱ्याचं आडनाव लिहिलं होतं. "नाव काय होतं वहिनींचं?" मी विचारलं.

मावशीने उलट विचारलं, "आमी लग्नात ठेवलेला सांगू, का तिच्या आईबापसांनी ठेवलेला?" आणि मग तिने दोन्ही सांगितली. मी वहीत दोन्ही लिहून घेतली.

लेख पुढच्या वर्षी छापून आला. सरांचं नाव पहिलं, माझं चौथं. त्याच लेखावर माझी नोकरी कायम झाली आणि पुढची सगळी वर्षं मी साथींमागे हिंडले. रोग्यांची नावं छापायची नसतात, हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे; मी स्वतः तो नंतर कित्येकांना शिकवला. तरी आभाराच्या ओळीत तिचं नाव घालता आलं असतं. मी सरांपुढे एकदा विषय काढला, त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मी गप्प बसले. नोकरी कायम झाल्याचं पत्र हाती पडेपर्यंत मला भांडायचं नव्हतं.

छापील प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात "रुग्ण क्रमांक नऊ, स्त्री, वय एकवीस" एवढंच आहे. बोट ठेवून दाखवायला जागा नव्हती, म्हणून मी मिरकरवाड्याला पुन्हा गेलेच नाही.