हवावाले चाचा आणि बाईंचा ऑर्गन

हवावाल्या चाचांचा कान एवढा तिखट होता, की भोसरीत चहा पिता पिता ते चाकणच्या कुठल्या कंपनीत हवेची लाइन गळतेय ते सांगायचे. भोसरीपासून चाकण किती लांब आहे हे मला ठाऊक आहे. ट्रॅफिकमध्ये अडकून अडकून मी ते इंच-इंच मोजलेलं आहे. पण चाचा सांगायचे आणि गळती निघायची. नाही निघाली तर कंपनीवाले खोटं बोलतात, असं ते जाहीर करायचे. त्यामुळे त्यांचा अंदाज कधी चुकलाच नाही.

कंप्रेसर आणि हवेच्या लाइनी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. खाली वर्कशॉप, वर एक खोली आणि त्या खोलीत भाडेकरू मी. चाचा मूळचे भोसरी गावातलेच. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. "ए सॉफ्टवेअर!" अशी हाक यायची आणि मी जिना उतरायचो.

त्यांच्या निकाहाची गोष्ट चाची दर ईदेला नव्यानं सांगायच्या. "काझींनी विचारलं, तर हे म्हणतात, जरा थांबा, मंडपामागं पंक्चरवाल्याच्या पंपाचा वॉशर गेलाय. उठले, वॉशर बदलला, हात पुसले, मग मला कबूल केलं. माझा नंबर वॉशरच्या मागं!" चाचा बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "आगं, वॉशरला टाइम नव्हता. तू कुटं पळून चालली हुतीस?"

पुढं कंपन्यांनी गळती शोधायचं पिस्तुलासारखं यंत्र आणलं आणि चाचांना बोलावणं कमी झालं. "त्याला आकडा कळतो, दुखणं कळत न्हाई," एवढंच म्हणून ते रिकाम्या वर्कशॉपात रेडिओ लावून बसायचे.

माझी नोकरी हिंजवडीला, तीन माणसांच्या कंपनीत. साहेब, एक डिझायनर आणि मी. आम्ही चर्चमधला पाइप ऑर्गन संगणकात उतरवत होतो. खरा ऑर्गन म्हणजे भिंतभर नळ्या आणि मागच्या खोलीत चामड्याचा भाता. पट्टी दाबली की नळीत हवा जाते आणि नळी गाते. पुण्यातल्या एका जुन्या चर्चचा भाता फाटून ऑर्गन मुका झाला होता. आम्ही त्याच्या एकेका नळीचा आवाज भात्याच्या जागी तात्पुरता पंप बसवून टिपला आणि पट्ट्यांच्या दोन बाजूंना दोन टचस्क्रीन लावले. आवाज आणि पडद्याची मांडणी तपासून अहवाल देणं माझ्याकडे. मी दोन्हींना पैकीच्या पैकी दिले होते.

पण तिथं जन्मभर ऑर्गन वाजवलेल्या बाई दोनदा नाही म्हणाल्या. "छान आहे. पण हा आमचा नाही." का नाही, ते त्यांनाही सांगता येईना. साहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या तर राव, तिघंही नोकऱ्या शोधा. मीसुद्धा."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. भोसरी गप्प असते. मी सगळं सामान वर्कशॉपात मांडलं आणि चाचांना म्हणालो, "ऐका."

चाचांनी डोळे मिटले. "एक दाब." दाबली. "आता धा दाब." दाबल्या. चाचा उठून बसले. "धा नळ्या एकदम उघडल्या आन् प्रेशर जरासुदिक पडलं न्हाई? कंप्रेसर हाय का जादूटोणा? आता हात काढ."

हात काढले. शांतता.

"मेलं का मशीन?"

"नाही चाचा, चालू आहे. मागची सगळी घरघर, फुसफुस आम्ही काढून टाकली. तीन आठवडे लागले," मी छाती काढून सांगितलं.

माणसाच्या नाकातून श्वास काढून टाकल्याचं मी सांगितलं असावं, तसे चाचा माझ्याकडे बघत राहिले. "आरं येड्या, चालू मशीन कदी गप असतंय व्हय? त्या बाईनं जलमभर ती घरघर पाठीमागं घिऊन वाजवलं आसंल. परत घाल."

मग पडद्याकडे वळले. त्यावर काढलेल्या, सूर निवडायच्या बावन्न खुंट्या, सगळ्या सारख्या, सोनेरी अक्षरांच्या. चाचांनी अंगठा टेकवला. दोन खुंट्या एकदम दबल्या. "बंद कुठनं करायचं?" मी तीन पानं उलटून बटण दाखवलं. चाचांनी डाव्या हाताचं अर्धं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "पॅनलवर बटण हुडकत हुतो, तवा गेलं हे. डोळं कामावर, हात पॅनलवर." आणि खडूनं फरशीवर मांडणी काढून दिली. रोजच्या खुंट्या मोठ्या आणि हाताजवळ, सणासुदीच्या लांब, खालच्या कोपऱ्यात लालभडक 'सगळं बंद'. डिझायनरला ते बघून ताप आला. तीन दिवस. मी स्वतः थर्मामीटर पाहिला.

घरघर टाकून दिलेल्या फाइलींत सापडली. ती आम्ही परत घातली. खूप नळ्या एकदम वाजल्या की आवाज किंचित खचेल, असंही केलं. "गिऱ्हाइकाला घरघर विकायची?" म्हणत साहेबांनी कपाळ धरलं.

तिसऱ्या वेळी आम्ही चर्चमध्ये गेलो. चाचांना मी 'प्रेशर सल्लागार' म्हणून नेलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाई बसल्या. पुस्तकावरची नजर न हलवता त्यांनी दोन खुंट्या दाबल्या आणि दोन्ही हातांनी भरगच्च सूर धरला. सूर जरासा खचला, सावरला. बाईंनी हात उचलले. मागं घरघर चालू होती. मान न वळवता त्या म्हणाल्या, "भात्याच्या खोलीचं दार कुणी उघडं टाकलंय? लावा बघू."

भाता तर कधीचा फाटून बंद होता. मग बाईंना उमगलं. त्या हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या आणि साहेब बाकावर मटकन बसले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण चाचा खरंच भात्याच्या खोलीत शिरले होते. तासाभरानं धुळीनं पांढरे होऊन बाहेर आले. "बाई, चामडं गेलंय, लाकूड शाबूत हाय. हुईल चालू. टाइम लागंल."

"आणि तोवर, मिस्त्री?"

"तवर हे हायच की," चाचांनी आमच्याकडे अंगठा केला.

त्याच महिन्यात चाचांनी भोसरीचं शटर ओढलं आणि चाचींसह चर्चजवळ खोली घेतली. ते जाताना मी टेम्पोत सामान चढवलं. आता गुरुवारी जमेल तेव्हा तिकडे जातो. बाई आमचा ऑर्गन वाजवत असतात, चाचा मागं भात्यात कमरेइतके शिरलेले. परवा मी विचारलं, "कितपत आलंय, चाचा?"

आतून आवाज आला, "व्हतंय. पर सॉफ्टवेअर, बाईला सांगू नगंस. तुझं वाजायला लागलं की ऐकता ऐकता माझा हात थांबतोय."