जाळीआडच्या केसरकाकू

केसरकाकूंच्या वाईन शॉपमध्ये बाटलीबरोबर बिस्किटाचा पुडा घ्यावाच लागायचा. दुकानाच्या लोखंडी जाळीला खाली हात जाईल एवढी खिडकी होती. तिथून पैसे आत जायचे आणि काळ्या पिशवीतली बाटली बाहेर यायची, पण पिशवीत पुडा पडल्याशिवाय काकू ती सोडायच्या नाहीत. "लेकरांला काय नेलंस?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. "मला लेकरंच न्हाईत, काकू," असं कुणी म्हणालाच, तर "मंग बायकूला दे. तिनं काय घोडं मारलंय?" म्हणत पुडा पिशवीत टाकायच्या. पुड्याचे पैसे घ्यायच्या नाहीत. एखादा नवखा हसायला लागला की मागचा त्याला ढोसायचा, "घे बे गुमान. न्हाईतर बाटली बी परत घेती ती."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सिरसाळ्यापासून थोडं आत असलेल्या या गावात बदली होऊन आले, तेव्हा बाईमाणसाला राहण्याजोगी एकच खोली मिळाली, आणि ती नेमकी या दुकानाच्या डोक्यावर. आईला फोनवर हे सांगितलं तर तिनं आधी दाराला आतून कडी आहे का, ते विचारलं. डोक्यावर पदर, कमरेला किल्ली, सुजलेल्या पायांत पुरुषी चपला, अशा काकू मला खोली दाखवायला जिना चढून आल्या आणि दम खात म्हणाल्या, "वास येईल, बाई. पण माणूस वर येणार न्हाई. ती जबाबदारी माजी." त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली. मला त्रास व्हायचा तो फक्त शटरचा. रोज सकाळी ते करकरत वर गेलं की माझ्या कपाळावर आठी पडायची.

परवाना काकूंच्या नवऱ्याचा होता. तो गेल्यावर काकूंच्या नावावर आला. इमारत, शेत, राहतं घर मात्र धाकट्या दिराच्या, नानांच्या नावावर. नाना पंचायत समितीवर निवडून आलेले. मोटारसायकलला झेंडा, गावातल्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत. दुकानावर आपला माणूस बसवायचा त्यांचा बेत होता. तसं झालं असतं तर मनीषाच्या, म्हणजे काकूंच्या एकुलत्या एक मुलीच्या शिक्षणाला दमडीही मिळाली नसती. म्हणून काकू स्वतःच जाऊन त्या खुर्चीवर बसल्या. "पोरगी शिकंपातूर म्हणून बसले, बगा. पोरगी शिकली, लातूरला नर्स झाली. आता ही खुर्चीच मला उठू दीना," असं त्या हसत हसत सांगायच्या. त्यांचं हसू मला बघवत नसे.

गावातल्या बायका त्यांच्याशी बोलत नसत. बारशाला बोलावणं नाही, कुणाच्या मयतीला गेल्या तरी शेजारी कुणी बसत नसे. सकाळी दहापासून त्या जाळीआड, आणि जाळीबाहेर पुरुषांचे हात. माणसांत येण्याचे त्यांचे दिवस म्हणजे दारूबंदीचे दिवस, ज्यांना सगळं गाव ड्राय डे म्हणतं. दोन ऑक्टोबर त्यांचा फार लाडका. "गांधीबाबानं मला येक दिस दिला, बाई. सख्ख्या भावानं न्हाई दिला." निवडणुका लागल्या की लागोपाठ दुकान बंद, तेव्हा तर विचारायलाच नको. "आलं माजं माहेरपण," म्हणत त्या भाजलेल्या शेंगा ओट्यात घेऊन माझ्याकडे वर यायच्या आणि चार चमचे साखरेचा चहा मागायच्या. त्यांना मधुमेह होता. गोळ्या घ्या म्हटलं की म्हणायच्या, "किती दिस जगायचंय त्या खुर्चीत?"

अशाच एका बंदच्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, परवाना परत करून टाका की. काकूंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. "घर नानाचं. पोरीचं लगीन नानाच्या हातात. चार घरं जेवतेत या दुकानावर. मी आपल्या हातानं सोडलं तर मला उंबऱ्यात तरी उभं करतील का?" मग शेंगा पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "त्याचं बी मला काय न्हाई. पण मी मेले की कागद सरळ मनीच्या नावावर जातोय. वारस तीच. दवाखान्यातून उठवून तिला हितं आणून बसवतेत. नाना तसं बोलून बी दाखवतेत." "गावानं बंद केलं तर बात वेगळी. मंग नाना बी माजं नाव घ्यायचे न्हाईत. पण माज्या जित्तेपणी व्हायला पायजे, बाई."

एकदा नाशिककडच्या कुठल्याशा कंपनीचा टाय लावलेला मुलगा आला. दुकानाच्या पाटीवर वाईन होती, पण द्राक्षाची खरी वाईन त्या गावात कुणी पाहिली नव्हती. त्यानं एक लाल बाटली नमुना म्हणून दिली आणि मोठ्या उत्साहानं सांगू लागला, की तिकडे लोक कुटुंबासकट द्राक्षांचे मळे बघायला येतात, ग्लास हलवून आधी वास घेतात, मग सावकाश घोट घोट पितात, बायकासुद्धा. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "सावकाश पिणारं गिऱ्हाईक आमच्याकडं न्हाई, बाबा. हितं पायरी उतरायच्या आत झाकण उघडतंय." बाटली आडवी ठेवा, नाहीतर बूच सुकतं, असं तो जाताना बजावून गेला. काकूंनी ती देवाच्या फोटोखालच्या फळीवर आडवी ठेवली. ती कधी विकली गेली नाही, पण काकू तिची धूळ रोज पुसायच्या.

बिस्किटांचं पुढे फार वाईट झालं. पंधरा ऑगस्टला शाळेत खाऊ वाटला, तेव्हा दुसरीतल्या सोनालीनं आपल्या हातातला पुडा गुपचूप टेबलावर परत ठेवला. का गं म्हटलं, तर खाली बघत म्हणाली, "ह्यो आला की पप्पा मारतेत." तिचा बाप टेम्पो चालवायचा आणि रोज संध्याकाळी जाळीपाशी असायचा. त्याच्या पिशवीत पुडा दिसला की सोनालीची आई, द्वारका, पोरीला घेऊन शेजारच्या घरात जाऊन बसायची. दुकान त्या दिवशी बंदच होतं. काकू वर आल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. आजही वाटतं, जरा हळू सांगायला हवं होतं. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला वाटलं व्हतं, बाटलीसंगं घरात कायतरी गोड जावं," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून बिस्किटं बंद झाली. गिऱ्हाइकांनी चेष्टा करून बघितली, पण काकूंनी कुणाला कारण सांगितलं नाही.

त्याच महिन्यात द्वारकेनं बायका गोळा केल्या. गावातल्या बायकांनी अर्ज केला तर दुकान ठेवायचं की नाही यावर फक्त बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. द्वारका भर पावसात दारोदार फिरून सह्या आणि अंगठे घेत होती. काकू जाळीतून तिच्याकडे, पोरी वरातीकडे बघतात तशा, बघत बसायच्या. "समद्या आळीत गेली, मलाच तेवढं इचारलं न्हाई तिनं," असं मला म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. नाना मात्र बेचैन. एके दिवशी त्यांची नजर फळीवरच्या लाल बाटलीकडे गेली. "वहिनी, ही आडवी कावून ठिवली? लोकांनी बघितली तर काय म्हणतील?" त्यांनी ती उभी केली. काकूंनी संध्याकाळी पुन्हा आडवी केली. बूच सुकतं, हे त्यांचं उत्तर तयार होतं.

सह्यांची तपासणी, कागदांची ये-जा यात दसरा गेला, दिवाळी गेली आणि मतदान मार्गशीर्षात आलं. केंद्र आमच्या शाळेतच होतं आणि बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. काकू रांगेत उभ्या राहिल्या तशा पुढच्या-मागच्या बायका सरकल्या. "आली बगा, उभीवर शिक्का माराय," असं कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं. काकूंनी माझ्यापुढे बोट धरलं, ते गार पडलं होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आजपातूर नाना सांगतील तिथं शिक्का मारला. ह्यो येक माज्या मनाचा."

संध्याकाळी मोजणी झाली. चिठ्ठीमागून चिठ्ठी आडवी निघत होती. उभ्या बाटलीची गड्डी एका चिमटीत मावली असती. शाळेच्या आवारात बायकांनी एकच जल्लोष केला, द्वारकेनं सोनालीला उचलून घेतलं, मीही उठून उभी राहिले. मग मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी नियम वाचला. पडलेल्या मतांत जास्त असून भागत नाही. यादीत जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. आणि यादीतल्या कितीतरी बायका तेव्हा कोयते घेऊन ऊसतोडीला गेल्या होत्या, कुणी सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. श्रावणात अंगठे देणाऱ्या त्याच. सगळ्यांत जास्त मार खाणाऱ्याही त्याच. त्यांची न पडलेली मतं दुकानाच्या पारड्यात गेली होती. वर्षभर पुन्हा मागणी करता येणार नाही, हेही साहेबांनी वाचलं. द्वारकेला ते कळेचना. "आडव्या जास्त हायत की, साहेब," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी घरी आले तर काकू खाली दुकानात देवाच्या फोटोपुढे बसलेल्या. बायकांचा जल्लोष त्यांनी इथून ऐकला होता. कमरेची किल्ली काढून देवापुढे ठेवली होती, तिला हळदकुंकू वाहिलं होतं. मला काही सांगावं लागलं नाही, कारण तेवढ्यात बाहेर नानांचे फटाके सुरू झाले. काकूंनी किल्ली उचलली, पदराला पुसली आणि पुन्हा कमरेला लावली. माझ्याच्यानं तिथं थांबवेना, मी वर निघून गेले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तेव्हा नाना गुलालाची पाटी घेऊन हजर. "वहिनीचा इजय असो!" म्हणत त्यांनी जाळीतून मूठभर गुलाल आत उधळला. नवरा गेल्यापासून काकूंच्या कपाळाला रंग लागला नव्हता. आता तो केसांत, पापण्यांवर, खुर्चीवर पडला. त्यांनी पुसलाही नाही, तशाच बाटल्या देत बसल्या. तेवढ्यात द्वारका तरातरा आली आणि जाळीला दोन्ही हातांनी धरून ओरडली, "काकू, तुला लेकरू हाय का न्हाई गं? कुठं फेडशील ही पापं?" काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग पुढे वाकून म्हणाल्या, "म्होरल्या टायमाला उन्हाळ्यात घे, द्वारके." द्वारकेला वाटलं, ही हरलेल्याला डिवचते आहे. ती जाळीवर थुंकली आणि निघून गेली. मी तिच्यामागे जाऊन खरं काय ते सांगणार होते. पण काकूंनी मला मनीषाची शपथ घातली. बातमी नानांच्या कानावर गेली, तर सगळंच संपलं असतं.

पाडव्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. ट्रॅक्टरमधून भांडी, कोंबड्या, लेकरं उतरली. कुलूप लागलेल्या घरांपुढे चुली पेटल्या, पाण्याच्या टाकीवर बायकांची भांडणं सुरू झाली, गाव भरून गेलं. बायकांनी फुललेल्या त्या टाकीपाशी द्वारका एकदा घागर तशीच ठेवून नुसती बघत उभी असलेली मला दिसली. दोन दिवसांनी दुपारी ती दुकानापाशी आली. मी शाळेतून येऊन जिन्यात चपला काढत होते. नाना बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. द्वारका खिडकीशी वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, तवा तू म्हणलीस ते... कवा?"

काकूंनी नानांकडे पाहिलं. मग गिऱ्हाइकाशी बोलावं तशा मोठ्यानं बोलल्या, "औंदा न्हाई जमत आता. म्होरल्या पाडव्यानंतर ये."

"काय पायजे तिला, वहिनी?" नानांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"बिस्किटं मागती पोरीला. बंद केलीत म्हणून सांगितलं."

"द्या की येखादा पुडा," नाना म्हणाले.

"नगं," द्वारका म्हणाली. "मी येते म्होरल्या पाडव्याला." तिनं काकूंकडे एकदा नीट बघितलं आणि पदर सावरत निघून गेली.

एक मेला दुकान बंद होतं. काकू जिना चढून वर आल्या, पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला. शेंगा आणल्या नव्हत्या. ओट्यातून गोळ्यांची पाकिटं काढून त्यांनी माझ्यापुढे मांडली आणि कुठली सकाळची, कुठली जेवणानंतरची ते दोनदा विचारून घेतलं. चहा बिनसाखरेचा मागितला. मी बघतच राहिले.

"अशा काय बघताव? म्होरल्या पाडव्यापातूर त्या खुर्चीत बसाय पायजे मला," काकू म्हणाल्या. "मदीच गेले तर मनीला आणून बसवतेत. तोवर मरून चालत न्हाई, बाई."

तोंड वेडंवाकडं करत त्यांनी तो चहा संपवला, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शटर करकरत वर गेलं, आणि तो आवाज ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.