राज्यपालबाईंनी सही केली नाही

राज्यपाल होण्याआधी बाई कित्येक वर्षं राजकारणात होत्या आणि त्याआधी सूतगिरणीत. गिरणीत बायकांसाठी संडास नव्हता. मुकादम म्हणाला, "घरून जाऊन येत जा." बाईंनी खात्यातल्या सगळ्याजणींची रांग थेट मॅनेजरच्या संडासासमोर लावली. साहेब दुपारपर्यंत खुर्चीत अवघडून बसला. बायकांचा संडास उभा राहिला आणि खणखणीत आवाजामुळे बाईंचं नाव पडलं, भोंगा.

पुढे युनियन, नगरपालिका, आमदारकी, मंत्रिपद. भोंगा काही बंद होईना, तेव्हा पक्षाने त्यांना दूरच्या राज्यात राज्यपाल म्हणून पाठवलं.

"शोकेसमध्ये ठेवतायत तुला," शिंपीकाम करणारा नवरा म्हणाला.

"ठेवू देत. काचेतून दिसतं सगळं."

त्या राज्यात सरकार विरोधकांचं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांचे काही आमदार फुटले आणि बाईंच्या पक्षाचा सरचिटणीस राजभवनात हजर झाला. कधीकाळी बाईंच्याच सभांना सतरंज्या अंथरणारा माणूस.

"ताई, सरकार अल्पमतात गेलंय. अहवाल तयार आहे, फक्त सही करा."

"डोकी कुणी मोजली?"

"आम्हीच."

"सभागृहात?"

तो चुळबुळला. "हॉटेलात."

"मग हॉटेलातलं सरकार पाड. इथलं सभागृहात पडेल, पडायचं असेल तर."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "लेकीच्या तिकिटाचं अजून ठरलेलं नाही, ताई."

बाईंनी कप उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. "चहा संपव आणि नीघ," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, एका सहीने काय बिघडतंय? दहा वर्षं राबले मी वॉर्डात!"

"माहितीये गं."

"मग?"

"नाही करणार."

पलीकडून फोन आपटला.

बाईंनी मुख्यमंत्र्यांना बोलावलं. एकेकाळी त्यांनी भर सभेत बाईंना 'गिरणीतली भांडकुदळ' म्हटलं होतं. आता ते हात जोडूनच आत आले. "तुम्ही आमच्या बाजूने उभ्या राहाल असं वाटलं नव्हतं."

"तुमच्या बाजूचा वाराही नको मला. सोमवारी बहुमत सिद्ध करा. पडलात, तर दार उघडायला मी स्वतः येईन."

सोमवारी सरकार तरलं, जेमतेम तीन मतांनी. त्याच आठवड्यात बाईंना पदावरून काढलं. निरोपाला पक्षातलं चिटपाखरूही फिरकलं नाही. नवऱ्याने मात्र बॅगा भरता भरता शीळ घातली.

लेकीचं तिकीट कापलं गेलं. कित्येक महिने ती आईशी बोलली नाही. मग एक दिवस दारात उभी राहिली. "अपक्ष उभी राहतेय. तू प्रचाराला ये, पण भाषण करायचं नाही. तुझ्या तोंडाने होती नव्हती ती मतंही जातील."

बाई तोंडाला कुलूप घालून जिने चढल्या, दारं वाजवली. शेवटच्या सभेत कुणीतरी ओरडलं, "पक्षाशी गद्दारी केलेल्या बाईची पोर!" बाई उठायला गेल्या, तर लेकीने खांदा दाबून त्यांना बसवलं आणि स्वतः माईक ओढला.

"हो, तिचीच पोर! सही केली असती तर आज इथे मी पक्षाचा झेंडा घेऊन उभी असते, आणि तुम्ही हार घातले असते. नकोत मला ते हार!"

लेक पडली. पक्षाचा उमेदवार तिच्याही मागे, तिसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी वॉर्डात गेल्या, पाण्याची तक्रार कुणाकुणाची आहे ते विचारत.