उम्रोकचा चेहरा

लॉर्न पेट्रिशिनने सव्वीस वर्षं रबराच्या डोक्यात काढली. हॅमिल्टनच्या घरी तो नुसता जेवायला आणि झोपायला येतो, असं त्याची बायको डार्का म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. टोरांटोच्या स्टुडिओत ‘तेरावी कक्षा’ नावाच्या अंतराळातल्या मालिकेचं चित्रीकरण चाले. तेरा पर्वं, चार सिनेमे, चित्रकथा, खेळणी, सगळं यथासांग. त्यातल्या सेनापतीच्या मागे एक उम्रोक उभा असे. उम्रोक म्हणजे परग्रहावरचा पहारेकरी. त्याला तोंड नसतं, त्यामुळे संवादही नसतात. तो उम्रोक म्हणजे लॉर्न.

मेहुणा ओरेस्ट पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, त्याला दुसरा उद्योग नव्हता. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सूप पिता पिता तो सुरू व्हायचा.

“दाजी, परवाचा भाग पाहिला हं. काय काम केलंत! सेनापतीच्या मागे ते दार होतं ना, ते तुम्हीच ना?”

“दाराच्या डावीकडे.”

“म्हणजे दार दुसरंच कोणी होतं! बघा, उगीच तुमचं कौतुक करत होतो.”

सगळं टेबल हसायचं. डार्काही हसायची, पण जरा उशिरा. याच हॉलमध्ये, चाळीस वर्षांपूर्वी, लॉर्नने एका नाटकात कैद्याचं काम केलं होतं. शेवटच्या प्रवेशात तो नुसता प्रेक्षकांकडे बघत बोलला होता आणि पहिल्या रांगेतल्या डार्काने त्याच रात्री आईला सांगून टाकलं होतं की लग्न करीन तर याच्याशी. त्या चेहऱ्याशी तिने लग्न केलं आणि तो चेहरा मग रबराखाली गेला.

चौदाव्या पर्वात मालिकेच्या म्हाताऱ्या लेखिकेला उपरती झाली. शेवटच्या भागात उम्रोक मरतो, मरताना स्वतःच्या हाताने डोकं उतरवतो, खाली माणसासारखा चेहरा निघतो, आणि तो अकरा वाक्यं बोलतो. सव्वीस वर्षांचं मौन आणि मग अकरा वाक्यं. लॉर्नने चार महिने गॅरेजचं दार लावून ती घोकली. डार्का दाराशी आली की तो गप्प व्हायचा.

“मला तरी ऐकव ना रे.”

“पडद्यावर बघ. फुकट घालवायचं नाही मला.”

ऑक्टोबरात तो भाग दाखवायला हॉलमध्ये पडदा लावायचा, दर गुरुवारी चर्चसाठी पिरोही, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, करणाऱ्या बायकांनी तीनशे पिरोही करायच्या आणि ओरेस्टला पहिल्या रांगेत बसवायचं, असा त्याने बेत ठरवला. फादरना सांगून तारीखसुद्धा पक्की केली.

स्टुडिओच्या फाटकावर रोज प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर लाल चिकटी लावत. आतलं काही बाहेर जायला नको, हा नियम. लॉर्न या नियमाचा मोठा भक्त. संध्याकाळी चिकटी काढून तो गॅरेजच्या दाराला आतून चिकटवायचा. इतक्या वर्षांत दार लालभडक झालं होतं. उभं राहण्यापलीकडे काम नसलेल्या माणसाला नियम पाळणं हेच काम वाटायला लागतं. इतरांवर लक्ष ठेवणं त्याने आपल्या मनाने त्यात जोडून घेतलं होतं.

मरणाचा प्रवेश चित्रित झाला त्या दिवशी तो बोलला. एकाच दमात, एकदाच. दिवे सांभाळणाऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. लेखिका खुर्चीत बसून ढसाढसा रडली. आणि लॉर्नला दिसलं की कोपऱ्यात यिव्हेटने फोन वर धरलाय आणि त्याच्या डोळ्यावर चिकटी नाही.

यिव्हेट गॅन्यों त्याचं डोकं करणारी कारागीर. पहिल्या दिवशी त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा तिनेच घेतला होता. रोज पहाटे दोन तास ती त्याच्या मानेला रबर चिकटवायची आणि घरचा केक आणला तर त्याच्यासाठी तुकडा बाजूला ठेवायची.

“पूस ते,” लॉर्न म्हणाला.

“अरे, तुझाच चेहरा आहे. चांगला आलाय.”

“पूस म्हणतो ना, यिव्हेट.”

तिने त्याच्यासमोर पुसलं. एवढ्यावर थांबला असता तर माणूस म्हणवला असता. पण तो तडक ऑफिसात गेला आणि नाव सांगून आला. काम संपायला चार दिवस राहिले होते. यिव्हेटला त्याच दुपारी पेटीत ब्रश भरून फाटकाबाहेर काढलं. घरी तो डार्काला एवढंच म्हणाला, “यिव्हेटला काढलं. फोन वापरत होती.” कोणी सांगितलं, हे तो बोलला नाही, आणि डार्काने विचारलं नाही.

जूनमध्ये मालिकेची कंपनी एका फोनच्या तारा विकणाऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. पत्र आलं: आता आपलं कुटुंब मोठं झालं. दुसऱ्या पत्रात कळलं की मोठ्या झालेल्या कुटुंबाला चौदावं पर्व नको होतं. ते दाखवण्यापेक्षा बुडीत दाखवलं तर करात जास्त सूट मिळते, आणि ती हवी तर ते कुठे म्हणजे कुठेच दिसता कामा नये. म्हणून सगळ्या प्रती नष्ट केल्या. एक अख्खं पर्व, तीनशे माणसांचं वर्षभराचं काम, कायदेशीर कचरा झालं.

लॉर्नने नव्या ऑफिसात फोन केला. पलीकडची बाई फार गोड होती.

“आम्हाला तुमच्या भावना समजतात, मिस्टर पेट्रिक.”

“पेट्रिशिन. मला फक्त तीन मिनिटं हवीत. शेवटच्या भागातली.”

“तो भाग अस्तित्वात नाही, सर. पण उम्रोक आम्ही पुढे नेतोय हं! सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कार्टून येतंय. त्यात तो दात घासायचं गाणं म्हणतो.”

“त्याला तोंड नाही.”

“आता दिलंय. आवाज दुसऱ्यांचा घेतलाय.”

संकलकाकडून सगळं सही घेऊन काढून नेलं होतं. लेखिकेने फोनच उचलला नाही. उरली यिव्हेट. हॉलच्या तारखेला एकच दिवस राहिला असताना तो स्टोनी क्रीकला तिच्या घरी गेला. परसाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे काहीतरी पांढरं टेकवून ठेवलं होतं. त्याने वाकून बघितलं. त्याचंच प्लास्टरचं डोकं, डोळे मिटलेलं, नाकाला चिखल लागलेलं.

यिव्हेटने त्याला आत घेतलं नाही. हात पुसत दारातच उभी राहिली.

“ते… जे तू काढलं होतंस,” लॉर्न म्हणाला. “कुठे राहिलंय का? एखादी प्रत?”

“तुझ्यासमोर पुसलं ना.”

“तुझा काही नेम नाही, म्हणून विचारतो.”

“पुसलेलं महिनाभर फोनच्या कचरापेटीत राहतं, लॉर्न. मी महिनाभर ठेवलं. म्हटलं, सव्वीस वर्षं याचं डोकं चिकटवलं, एक फोन तर करेल. चुकलं म्हणेल.”

लॉर्न वाकून प्लास्टरच्या नाकावरचा चिखल पुसू लागला.

“मला तरी कुठे हवं होतं ते? डार्काने सांगितलं होतं काढायला. म्हणाली, याला नेहमी कापून टाकतात, हेही कापतील, मला एकदा त्याला बोलताना बघायचंय. तिच्यासाठी मी चिकटी काढली.”

“मग तिला पाठवायचंस!”

“विसाव्या दिवशी तिचा फोन आला. तिने विचारलं, नाव कोणी सांगितलं? मी सांगितलं. मग मी म्हटलं, अजून आहे माझ्याकडे, पाठवू का?” यिव्हेटने पायानेच ते प्लास्टरचं डोकं दाराशी नीट सरकवलं. “ती म्हणाली, राहू दे. ज्याने तुझ्या पोटावर पाय दिला, त्याचं तोंड मला बघायचं नाही. मग दहा दिवसांनी ते आपोआप गेलं.”

तो घरी आला तेव्हा डार्का स्वयंपाकघरात खिडकीशी बसून पिरोही मुडपत होती. पडदा रद्द झाला होता, पण बायकांनी बटाटे आधीच उकडले होते. मैद्याने तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. तो तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. त्याने त्या अकरांतलं पहिलं वाक्य म्हटलं, हळू, गॅरेजमध्ये म्हणायचा तसं. मग दुसरं. त्याचा आवाज खरंच चांगला होता.

तिसऱ्या वाक्याला डार्काने मुडपलेली पिरोही ताटात ठेवली आणि पुढची पारी हातात घेतली. मान वळवली नाही.

“लॉर्न, मागे उभा राहू नकोस,” ती म्हणाली. “उजेड अडतोय.”