ड्रेसिंगवाली

"ड्रेसिंग हिलाच करू दे. हिला वासाची सवय असेल."

सकाळच्या राऊंडला, सगळ्या युनिटसमोर, सर हे बोलले. पलंगावर मरोळच्या गावठाणातले एक आजोबा होते. साखरेने पाय सडलेला, बोटं काळी पडलेली. पट्टी सोडली तसा वास सुटला. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि पेनाने माझ्याकडे दाखवलं. पोरं हसली. आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना वाटलं, हसू त्यांच्या पायाला आहे.

मी हातमोजे चढवले आणि खाली बसले. त्या दिवसापासून माझं नाव पडलं ड्रेसिंगवाली. वॉर्डबॉयपासून इंटर्नपर्यंत सगळे म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठीमागे ड्रेसिंगवाली.

आता कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, डॉक्टरने जखमा धुवायच्याच असतात. धुवायच्याच. मला जखमेची घाण कधी वाटली नाही. पण सर "सवय" म्हणाले तेव्हा ते माझ्या कामाबद्दल बोलत नव्हते. ते माझ्या घराबद्दल बोलत होते.

कारण पहिल्या दिवशीच सगळी चौकशी झाली होती. आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग, "विक्रोळीला कुठे? कंपनीच्या कॉलनीत की वर टेकडीवर?" टेकडीवरच्या वस्तीत, म्हटलं. मग एमबीबीएसच्या प्रवेशाची रँक. ती रँक कशासाठी विचारतात हे आमच्या पोरांना बरोबर कळतं. मी एमएस झालेली सर्जन होते. आतडी शिवलेली, हर्निया केलेले. आता रक्तवाहिन्यांच्या सर्जरीचं शिकायला अंधेरीच्या या हॉस्पिटलात आले होते. या कोर्सला जातीची राखीव जागाच नसते. एकही नसते. हे सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी "अच्छा, म्हणजे कोट्यातून वर आलीस" असं म्हणून ते मोकळे झाले.

माझ्याबरोबरचा दुसरा रेसिडेंट निनाद. त्याच्या वडिलांचं बोरिवलीला हॉस्पिटल. सर आणि त्याचे वडील एकाच बॅचचे. त्याची रँक कुणी विचारली नाही.

आमची विद्या पुस्तकात नसते हो. ती हातात द्यावी लागते. आमच्या युनिटची रीतच होती. शीर धमनीला शिवायची वेळ आली की सर काही बोलायचे नाहीत, नुसता सुई धरायचा चिमटा बाजूला धरायचे. ज्याच्या तळव्यावर तो पडला, त्याची ती केस. पहिली केस ज्याची होईल त्याने सगळ्यांना पेढे वाटायचे. निनादने आल्यावर थोड्याच महिन्यांत वाटले. मीही खाल्ला. केशरी होता, चांगला होता.

माझ्याकडे चिमटा आला नाही. आज येईल, उद्या येईल करत दीड वर्ष गेलं. मी पाय धुवायचे, जखमा पुसायचे, कुणी कापत असेल तिथे कातडी बाजूला ओढून धरायचे. निनादने बिघडवलं की सर म्हणायचे, "होतं रे, शिकशील." मी नुसतं विचारलं तरी, "तू धर, बोलू नकोस." डोक्याची पार वाट लागली होती. घरी येऊन कोंबडीच्या तंगडीतल्या शिरा बारीक दोऱ्याने शिवत बसायचे. आई म्हणायची, "अगं, रश्शात टाकायचीय ती."

मग तो रिक्षावाल्या काकांचा दिवस आला.

काका घाटकोपरच्या डोंगरावरचे. दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिस सुरू. त्यासाठी मनगटातली शीर धमनीला जोडून फिस्टुला करायचा होता. जोड जमला की त्यावर बोट ठेवलं तर आत घरघर लागते, मांजर घुरघुरतं तशी. ती लागली नाही तर सगळं फुकट. आणि माणसाच्या अंगात अशा जागा मोजक्याच असतात. एक वाया गेली की गेली.

हे ऑपरेशन फक्त हात बधिर करून करतात. पेशंट टक्क जागा असतो. तोंडापुढे हिरवा कपडा टांगलेला असतो, म्हणून आतल्यांना वाटतं पलीकडे कुणी नाहीच.

सरांनी सुरुवात करून दिली, चिमटा निनादला दिला आणि पाहुणे आले म्हणून चहाला गेले. शीर सोडवून धमनीकडे वळवताना तिला पीळ पडू नये म्हणून तिच्यावर आधी शाईची रेघ मारतात. निनादने मारली नाही. मी म्हटलं, "निनाद, रेघ."

"तू धर ना यार."

धरली. त्याने शिवलं. रक्त अडवून धरणारा चाप काढला. बोट ठेवलं. काही नाही. परत ठेवलं. काही नाही. शिरेला टॉवेलासारखा पीळ पडला होता आणि आत रक्त गोठलं होतं. सरांना बोलावलं. त्यांनी टाके सोडून खटपट केली, पण शीर कामातून गेली होती. सर म्हणाले, "बंद करा. पुढच्या आठवड्यात कोपराला करू."

निनादचा चेहरा पांढरा पडला होता. सरांनी त्याच्या खांद्यावर कोपर टेकवलं. मग माझ्याकडे वळले.

"बाहेर याची बायको असेल. तू जाऊन सांग, तुझ्याकडून झालं म्हणून. तुमचीच माणसं आहेत, तुझं ऐकतील."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानातून वाफ निघाली. अरे, ज्या हाताला दीड वर्षात सुई दिली नाही, त्याच्या नावावर बिघडलेली केस? आमचा धंदा लहान. मुंबईत रक्तवाहिन्यांचे सर्जन एकमेकांना घरातल्यासारखे ओळखतात. "हिचा हात खराब" एवढं एकदा फिरलं की कोण मला केस देणार? आयुष्यभर पट्ट्याच बदलायच्या.

"नाही सांगणार, सर."

"काय?"

"मी केलेलं नाही. मी सांगणार नाही."

तेवढ्यात कपड्याच्या पलीकडून आवाज आला. "सायेब, मी जागा हाय. सगळं ऐकू येतंय मला."

निनादने डोळे मिटले. मला वाटलं, आता तरी सरांना लाज वाटेल. सर भूल देणाऱ्या मॅडमकडे बघून म्हणाले, "याला जरा झोपेचं द्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आणि दिलं.

त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी तुटलं. इतके दिवस वाटायचं, सर तिरसट आहेत, पण शिकवतील. एक दिवस माझं काम दिसेल त्यांना. कसलं दिसतंय! जागा माणूस बोलला तर त्याला झोपवतात हे. माझ्या कामाकडे कुठून बघणार?

मी हातमोजे काढले आणि बाहेर गेले. काकांची बायको दाराशीच उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"झालं का ओ बाई?"

"नाही झालं, मावशी. शीर बंद पडली. ऑपरेशन मी केलेलं नाही, मी मदतीला होते. ज्यांनी केलं ते आत आहेत. ते येऊन तुम्हाला सांगतील. तोवर मी इथून हलत नाही."

मला वाटलं होतं, मावशी माझा हात धरतील, पोरी तू तरी खरं बोललीस म्हणतील. त्या माझ्यावरच भडकल्या.

"मंग तू बघत काय हुबी व्हतीस?"

सरांचं कुठलंच बोलणं इतकं लागलं नव्हतं. खरंच की. काय करत होते मी? बघत उभी होते. निनाद शिवताना बघत, पोरं हसताना बघत. गुणी मुलीसारखी, कुणीतरी एक दिवस देईल म्हणून.

बऱ्याच वेळाने सर बाहेर आले. "कधीकधी होतं असं," एवढं हवेत बोलले. चूक कुणाची, ते बोलले नाहीत. मावशींनी विचारलं, "केलं कुणी?" सर लिफ्टकडे निघाले. मी मोठ्याने सांगितलं, "निनाद डॉक्टरांनी. सरांच्या हाताखाली."

दुसऱ्या दिवसापासून माझं ऑपरेशन थिएटर बंद. फक्त खालची ड्रेसिंग रूम. निनाद जिन्यात भेटला. "सॉरी यार. समजून घे ना, पप्पांचं नाव आहे."

"आणि माझं?"

तो मोबाईल बघायला लागला.

घरी माझे पप्पा म्हणाले, "आधी कोर्स पुरा कर गं, मग भांड." पप्पांनी जन्मभर कंपनीत मान खाली घालून मला शिकवलं, त्यांना काय बोलू? तरी बोलले. "पप्पा, हातात सुई आली नाही तर सर्टिफिकेट मिळेल, पण मी सर्जन नाही होणार. माझ्या सुरीखाली माणूस मरेल." ते टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

आजही सकाळी मी थिएटरचे कपडे चढवले, कोपरापर्यंत हात धुतले आणि टेबलाशी जाऊन उभी राहिले. सर म्हणाले, "तुझं काम खाली आहे." मी म्हटलं, "माझं शिक्षण इथे आहे." त्यांनी सिस्टरला सांगून मला बाहेर काढलं. सिस्टर बिचारी खाली बघत होती. काल असंच झालं. परवाही.

उद्याही मी हात धुणार आहे. जखमा तर धुवीनच, त्या माझ्या पेशंटच्या आहेत. पण धुऊन झाल्या की वर येणार आणि टेबलाशी उभी राहणार. सिस्टरच्या तोंडून मी आता बाहेर जायची नाही. मला चिमटा द्यायचा नसेल तर का द्यायचा नाही, ते सरांनी स्वतःच्या तोंडाने बोलावं. इंग्लिशमध्ये नको, पुटपुटत नको. मोठ्याने, सगळ्यांसमोर. आणि तेव्हा कुणाला झोपेचं द्यायचं नाही.