मांडणीवाली मावशी

पालघरच्या मासळीबाजारात मावशीचा विकण्यापेक्षा मांडण्यात जास्त वेळ जायचा. शेजारणींचे दोन-तीन वाटे खपून जायचे, तरी हिचं चाललेलंच. बोंबील सगळे एका दिशेला, करंदीचा वाटा खाली पसरट आणि वर निमुळता, आणि पुढच्या पापलेटाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दिसेल असा. कोणी घाई केली की म्हणायची, "थांब गो, आदी त्यांना नीट बसू दे." त्यांना म्हणजे माशांना.

ती दातिवऱ्याहून पहिल्या एसटीनं यायची. मी बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि शनिवारी यादी घेऊन बाजारात जायचे. माझ्या यादीचा तिला राग होता. "कागदावर पापलेट लिवलंय म्हनून तेच नेनार? बोंबील बग आज कसा हाय!" मी बहुतेक शनिवारी बोंबीलच घेऊन घरी यायचे.

नोकरीबाहेर माझं एक काम होतं. विक्रमगडकडच्या एका पाड्यावर जानकी आणि तिच्यासोबतच्या पाच बायका बांबूच्या टोपल्या विणायच्या, आणि मी त्यांना प्रदर्शनांत जागा मिळवून द्यायचे. दोन प्रदर्शनांतून बराचसा माल परत गेला होता. तिसऱ्याच्या आधी जानकीनं स्पष्टच सांगितलं, "ताई, आता ह्या येळी शेवटचं. माल परत आला तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊ. पोरांना कोनाकडं ठेवनार? त्यांना पन न्यावं लागंल. शाळा गेली मंग."

मी कंबर कसली, म्हणजे यादी केली. टोपल्या लहान-मोठ्या अशा लावून एकात एक बसवल्या, प्रत्येक थप्पीला क्रमांक चिकटवला, पुढे आडवं टेबल ठेवलं. स्टोअरमध्ये कोणीही पाहून खूश झालं असतं. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी पालघरच्या मैदानात मात्र लोक टेबलापर्यंत यायचे, क्रमांक वाचायचे आणि शेजारच्या लोणच्यांकडे वळायचे. थप्प्यांमागे बसलेली जानकी कोणाला दिसतही नव्हती. संध्याकाळी तिनं टोपल्यांवर कापड टाकलं.

दुसऱ्या सकाळच्या यादीत मी पहिलं काम लिहिलं: मावशीला विचारणे. तिनं ऐकून घेतलं, आपले वाटे शेजारणीच्या हवाली केले आणि हात धुऊन माझ्यासोबत निघाली.

स्टॉलसमोर उभी राहून म्हणाली, "बाय, हे दुकान हाय का गोडाऊन?"

"मावशी, सगळा माल दिसायला नको का?"

"सगळा दाखवलास तर बगनार काय? समदे वाटे मी येकदम मांडते काय?"

पुढच्या तासाभरात तिनं माझी स्टोअरची शिस्त मोडून काढली. टेबल मागे गेलं. दोन तृतीयांश माल कापडाखाली गेला. उरलेल्या टोपल्यांतली एक खोक्यावर उंच, दोन जमिनीवर, मध्ये हात घालता येईल एवढी जागा. मग मला बाजारात पिटाळलं. चिकू, लसूण आणि अबोलीचे गजरे आणवले आणि एकेका टोपलीत घातले. "रिकामी टोपली बगून मानसाला काय सुचनार? भरलेली बगितली का घर आठवतं." शेवटी सगळ्यांत पुढची टोपली तिनं चक्क पालथी घातली.

"अहो, उलटी?" मी म्हटलं.

"कल्ला दाखवल्याशिवाय मासा इकते काय मी? टोपलीचा जीव तळात असतो. बग किती बारीक इनलाय पोरीनं."

मग जानकीला दंडाला धरून पुढे आणलं. "तू मागं काय लपतेस? चोरून आनलंस काय? बस हितं, इनत बस."

"मला लाज वाटते मावशी."

"हातांना लाज नसते. त्यांच्याकडं बग, मानसांकडं नको."

एका बाबतीत मात्र आमचं वाजलं. मावशीला भावाच्या चिठ्ठ्या अजिबात नको होत्या. भाव बोलायचा असतो, लिहायचा नसतो, हे तिचं मत. मी ऐकलं नाही. दुपारी मुंबईहून आलेल्या तीन बायकांनी काही न विचारता चिठ्ठी वाचून टोपल्या उचलल्या, तेव्हा मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, "भांडल्याशिवाय घेतात? कसली मेली मजा?"

तिसऱ्या दिवशी दुपारी कापडाखालचं सगळं संपलं. लोक जानकीचे हात बघायला थांबत, पालथी टोपली बोटांनी चाचपत आणि मागणी नोंदवून जात. माझी वही पहिल्यांदा मालाच्या यादीऐवजी मागण्यांच्या यादीनं भरली.

जानेवारीत मी पाड्यावर गेले. एरवी त्या दिवसांत तिथल्या अर्ध्या घरांना कुलपं असतात. या सहा घरांच्या अंगणांत बांबूच्या कामट्या वाळत होत्या आणि जानकीची दोन्ही पोरं दप्तरं घेऊन शाळेतून येत होती. शनिवारी मी हे मावशीला सांगितलं. ती मासा साफ करत होती. सुरी थांबली नाही. "मंग आता पुडच्या टायमाला मला बोलवायचं नाय. तिची ती मांडेल."

पुढच्या वर्षी जानकीनं एकटीनं स्टॉल मांडला. मावशी आली ती गिऱ्हाईक होऊन. पदर खोचून अशी घासाघीस केली की आजूबाजूचे लोक गोळा झाले. टोपली वाकडी, बांबू ओला, भाव लुटारूचा; सगळं म्हणून झालं. जानकी विणत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "मावशी, भाव तोच. नको असंल तर ठेव खाली."

मावशीनं चिठ्ठीवरचा पुरा भाव दिला आणि टोपली उचलली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मावशी गेली. दातिवऱ्याला जाऊन आले, तिच्या लेकीला भेटले, रडलेही. पण मला दिसते ती त्या मैदानातून निघालेली मावशी. टोपली उंच धरून, हसू दाबत, भेटेल त्याला ओरडून सांगणारी, "येक पैसा कमी केला नाय हो पोरीनं! मला! येक पैसा नाय!"