दत्तू मोरेच्या नावावर

डिसेंबर १९७१ मध्ये आमची कंपनी पश्चिम सीमेवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. लान्स नाईक भागवत मोरे माझ्याच सेक्शनमध्ये होता. गावही एकच, कोल्हारपासून चार मैलांवर. एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्याचा डावा पाय सुरुंगावर पडला. मी ओरडलो, "हलू नकोस!" मग वायरलेसवर, "एक जखमी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर." चाळीस मिनिटे तो माझ्या शब्दावर जागच्या जागी पडून राहिला. माझा शब्द तो असा मानत असे.

पुण्याच्या लष्करी रुग्णालयात त्याला गुडघ्याखाली लाकडी पाय बसवला. अपंगत्वाची पेन्शन घेऊन तो गावी आला. पुढे मीही निवृत्त झालो आणि जवळच्या साखर कारखान्यात गेटवर हजेरीच्या कामाला लागलो. दुष्काळाचे साल होते. भागवतची बायको सुमन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. भागवत घरी भाकरी थापी.

एकदा तो म्हणाला, "दादा, बायको खडी फोडती अन् मी चूल फुकतो. शेजारची म्हातारी मला भागूबाई म्हनती. कारखान्यात लावा की मला."

"कामाला लागलास तर पेन्शन बंद होईल."

"तसा नियम हाय?"

"नियमच हाय."

हे मी नगरला ट्रेझरीबाहेरच्या रांगेत कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते. कोणत्याही कचेरीत विचारले नव्हते. हाताखालच्या माणसाला 'मला माहीत नाही' असे सांगणे मला साऱ्या नोकरीत कधी जमले नाही.

वाटही मीच काढली. त्याचा धाकटा भाऊ दत्तू याचे नाव हंगामी कामगारांत घातले. दत्तू शेती बघायचा, कामावर भागवत यायचा. "लाकडी पाय कुणाला दिसू देऊ नकोस," हेही मीच बजावले. तो बूट घालून गुडघ्यापर्यंत फौजी पट्ट्या घट्ट गुंडाळायचा. लोकांना वाटे, गडी जरा लंगडतो.

रोज सकाळी आठला मी पितळी बिल्ले वाटायचो.

"दत्तू मोरे!"

"हजर, साहेब!" मग जवळ येऊन हळूच, "भागवत मोरे सुट्टीवर हाय."

पाय गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिले ते तेवढ्याच दिवसांत.

त्याचे काम गव्हाणीवर होते. कारखान्यात ऊस चरकाकडे ओढून नेणाऱ्या साखळीच्या पट्ट्याला गव्हाण म्हणतात. अडकलेली मोळी आकड्याने मोकळी करायची. फेब्रुवारीत एका मंगळवारी, अकरा चाळीसला, गव्हाण अडली. भागवत आत उतरला. मोळी निघाली. घंटा झाली आणि गव्हाण सुरू झाली. त्याचा डावा बूट दोन फळ्यांच्या फटीत गेला होता.

ओरडा ऐकून मी धावलो. शेजारचा कामगार त्याचा हात धरून ओढत होता. "पाय काढ! आरं, पाय काढ की भाड्या!" भागवत दोन्ही हातांनी पट्ट्या सोडत होता. त्यांच्याखालचा, लाकडी पाय बांधलेला चामडी पट्टा तुटला असता तर लाकूड गेले असते, माणूस राहिला असता. त्याने मला पाहिले.

"साहेब, सुटंना!"

कामगाराच्या कमरेला कोयता होता. पाय लाकडी आहे, पट्टा काप, एवढेच मला सांगायचे होते. मागे लेबर ऑफिसर येऊन उभे होते. मी "मशीन बंद करा" असे ओरडलो. मशीन बंद झाली, पण उशिरा.

साडेबाराला ऑफिसरांनी लाकडी पाय पाहिला. "हा दत्तू मोरे? असा माणूस आत घेतला कुणी?"

मी म्हणालो, "हा दत्तूचा भाऊ, साहेब. त्याला डबा द्यायला आला होता."

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिले. खाली सही केली. सुमनच्या पेन्शनवर गंडांतर नको म्हणून, असे मी स्वतःला सांगितले. वाचली ती माझी नोकरी. बाहेरचा माणूस म्हणून भरपाईचा प्रश्नच निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी सुमन दारात आली. हातात चेपलेला डबा.

"दादा, ह्यो डबा मी त्यांच्यासाठीच भरला हुता. दत्तूभावजी तर मळ्यात हुते. मग त्यांनी त्यो कुनाला द्यायचा हुता?"

ती डबा घेऊन परत गेली.

महिन्याने तिचे कागद घेऊन मी नगरच्या सैनिक कार्यालयात गेलो. बोलता बोलता विचारले. कारकून म्हणाला, "बाहेर काम केलं म्हणून अपंगत्वाची पेन्शन बंद होत नाही, हवालदार. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"असंच ऐकलं होतं."

पहिल्यांदा विचारले ते तेव्हा. गावी येऊन हे कुणालाही सांगितले नाही. सुमनने पुढे कितीतरी हंगाम त्याच कारखान्यासाठी ऊस तोडला. तिची गाडी गेटवर आली की मी रजिस्टरात मान घालायचो. आता ती नाही, दत्तूही नाही. सांगायला कुणी उरले नाही, तेव्हा मला लिहायला सुचते आहे.

गावच्या शिळेवर लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. भागवतचे त्यात नाही, कारण तो लढाईत पडला नाही. कारखान्याच्या मस्टरवरही नाही, कारण ते मी येऊ दिले नाही. म्हणून इथे नोंद करतो. त्या मंगळवारी, सकाळी आठच्या पाळीला, लान्स नाईक भागवत मोरे कामावर हजर होता. डबा त्याचाच होता.